बाहीवरची नागमोडी पट्टी

प्रश्न : माझे आजोबा (वडिलांचे वडील) दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत ऑफिसर होते. आमचं गाव खानापूर तालुक्यात. गावात त्यांना सगळे ‘कॅप्टनसाहेब’ म्हणत. ते 1979 मध्ये वारले, बाबाही आता नाहीत, 84 वर्षांच्या आत्या तेवढ्या आहेत. ट्रंकेत एक फोटो सापडला. त्यात कोटाच्या बाहीवर दोन सोनेरी नागमोडी पट्ट्या दिसतात. शिवाय ‘बर्मा स्टार’ असं लिहिलेली पितळी रंगाची चांदणी, एक गोल पदक आणि 1944 चा टाइप केलेला कागद आहे. कागदात ‘तलवार’वर हजर होण्याचा हुकूम आहे. आत्या म्हणतात, ते 46 च्या नौदलातल्या बंडात होते आणि म्हणूनच पेन्शन मिळाली नाही. बेळगावच्या मराठा सेंटरला विचारलं, तिथं नाव नाही. सैनिक कल्याण कार्यालयातही नाही. त्यांच्या नोकरीची नोंद कुठं आणि कशी मिळेल? — एक नात, खानापूर तालुका

उत्तर : मराठा सेंटरला नाव नाही, यात काळजीचं काही नाही. बेळगाव भागात ‘मिलिटरीत होते’ म्हटलं की पावलं आधी सेंटरकडेच वळतात. पण ते पायदळाच्या एका रेजिमेंटचं केंद्र आहे. नौदलातल्या माणसाची नोंद तिथं असायचं कारणच नाही. सैनिक कल्याण कार्यालयाची यादी म्हणजे तिथं येऊन नाव नोंदवलेल्या माजी सैनिकांची यादी. 1946 च्या सुमारास घरी परतलेला आणि नंतर कशासाठीही अर्ज न केलेला माणूस तिच्यात सापडणार नाही. तुमचा सगळ्यात पक्का कागद तो फोटोच आहे. तो नीट वाचला की पुढचे बरेच हेलपाटे वाचतील.

युद्धकाळातल्या रॉयल इंडियन नेव्हीत अधिकाऱ्यांचे तीन प्रकार होते आणि तिन्हींची बाही वेगळी. कायम नोकरीतल्यांची पट्टी सरळ. व्यापारी जहाजांवरून आलेल्या ‘रिझर्व्ह’ अधिकाऱ्यांची पट्टी दोन बारीक दोऱ्या एकमेकींत विणल्यासारखी. शिक्षण, वकिली, नोकरी सोडून युद्धापुरते आले त्यांचा ‘व्हॉलंटियर रिझर्व्ह’, आणि त्यांची पट्टी नागमोडी. म्हणजे आजोबा रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्हमध्ये होते. जुन्या कागदांत हे आर.आय.एन.व्ही.आर. असं येतं. ही पाच अक्षरं पाठ करा, यापुढं प्रत्येक अर्जात ती लागतील. दोन पट्ट्या म्हणजे लेफ्टनंट. एक असती तर सब-लेफ्टनंट, दोनच्या मध्ये तिसरी बारीक असती तर लेफ्टनंट-कमांडर.

आता दोन पट्ट्यांमधली जागा भिंगाखाली बघा. तिथं कोटाचंच गडद कापड दिसतं की वेगळ्या रंगाचं? पांढरं म्हणजे हिशेब-पुरवठा शाखा, जांभळं इंजिनियर, लाल डॉक्टर, हिरवं म्हणजे तांत्रिक कामाची स्पेशल ब्रँच. काळ्यापांढऱ्या फोटोत पांढरं तेवढं उठून दिसतं. जांभळं आणि लाल गडद कापडात मिसळून जातं, म्हणून दिसलं नाही तर ‘शाखा नक्की नाही’ एवढंच धरा. पांढऱ्या उन्हाळी गणवेशातला फोटो असेल तर बाहीवर काही नसतं, हुद्दा खांद्यावरच्या पट्टीवर असतो. आत्यांकडं किंवा चुलत घरांत दुसरा फोटो निघाला आणि त्यात पट्टी सरळ असली, तर युद्धानंतर त्यांना कायम कमिशन (म्हणजे अधिकारी म्हणून कायम नेमणूक) मिळालं असा अर्थ होतो आणि शोधाची वर्षं 1946 च्या पुढं सरकतात. बटणंही बघा. नांगरावर मुकुट असेल तर फोटो 26 जानेवारी 1950 च्या आधीचा. त्या दिवसापासून ‘रॉयल’ गेलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

‘कॅप्टनसाहेब’ हे गावानं प्रेमानं दिलेलं नाव आहे. अर्जात ते लिहू नका. नौदलातल्या कॅप्टनच्या बाहीवर चार पट्ट्या असतात आणि तो पायदळातल्या कर्नलच्या बरोबरीचा. नौदलातला लेफ्टनंट पायदळातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा, बहुतेक त्यावरूनच ते नाव पडलं असेल. कॅप्टन म्हणून शोध घेतलात तर कार्यालय प्रामाणिकपणे ‘नाही’ असं कळवेल आणि फाईल तिथंच बंद होईल.

पदकांकडं वळू. बर्मा स्टार 11 डिसेंबर 1941 ते 2 सप्टेंबर 1945 या काळातल्या सेवेसाठी होतं आणि नौदलाच्या बाबतीत त्यात बंगालचा उपसागरही धरलेला होता. साधारण नियम असा की, नौदलातल्या माणसानं आधी समुद्रावर सहा महिने भरून 1939-45 स्टार मिळवायचा, मग बर्मा स्टार. म्हणजे तुमच्या ट्रंकेत एक चांदणी कमी असण्याचा बराच संभव आहे. गोल पदकावर दुतोंडी ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर ते वॉर मेडल. भारताचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल. ते भारतीय दलांसाठीच होतं आणि त्याला तीन वर्षांची सेवा लागे. त्यावरून भरतीची तारीख मागं नेता येते : युद्ध 2 सप्टेंबर 1945 ला संपलेलं धरलं, तर माणूस 1942 च्या सप्टेंबरपर्यंत तरी आत आलेला असणार. पदकाची कड भिंगाखाली फिरवून नाव किंवा नंबर कोरलाय का ते बघा. पितांबरी लावून घासायचा मोह आवरा, कडेवरची अक्षरं आधी झिजतात.

‘तलवार’ हे जहाज नव्हतं. एच.एम.आय.एस. (‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’) तलवार ही मुंबईत कुलाब्याला जमिनीवर असलेली सिग्नल शाळा. नौदलात किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही जहाजासारखीच नावं देतात. लोणावळ्याचं शिवाजी, कोचीचं वेंदुरुथी, कराचीची बहादूर, दिलावर आणि हिमालया ही सगळी जमिनीवरचीच. वंशजांची इथं हमखास फसगत होते आणि ‘आजोबा तलवार जहाजावरून ब्रह्मदेशाला गेले’ असा इतिहास घरात तयार होतो. आजोबा 1944 मध्ये तिथं गेले ते सिग्नलच्या शिक्षणासाठी किंवा तिथल्या कामावर, हे त्या हुकुमातल्या शब्दांवरून कळेल.

आत्यांच्या आठवणीबद्दल जरा सांभाळून बोलायला हवं. 18 फेब्रुवारी 1946 ला उठाव तलवारवरच सुरू झाला हे खरं. पण तो खलाशांचा, म्हणजे कमिशन नसलेल्या नौसैनिकांचा उठाव होता. 1944 मध्ये तलवारवर हजर झालेला लेफ्टनंट 1946 मध्ये तिथंच होता असं त्या कागदावरून ठरत नाही. पेन्शन न मिळण्याला तर अगदी साधं कारण आहे : व्हॉलंटियर रिझर्व्हचं कमिशन युद्धापुरतं, तात्पुरतं असे. युद्ध संपल्यावर अशा अधिकाऱ्यांना मोठ्या संख्येनं मोकळं केलं गेलं, आणि इतक्या कमी वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसत नसे. म्हणून पेन्शनच्या कार्यालयांकडं जाऊच नका, तिथं पी.पी.ओ. (पेन्शन देण्याच्या आदेशाचा) नंबर मागतील आणि तो कधी निघालेलाच नसेल. कारकीर्द कशी संपली हे एका शब्दावर ठरतं : नोंदीत ‘रिलीज्ड’ आहे की ‘डिसमिस्ड’. तो शब्द हातात येईपर्यंत बंडाबद्दल होय किंवा नाही, काहीच लिहू नका. आत्यांना मात्र बंडाऐवजी दुसरं विचारा. पत्रं आणि पैसे कुठल्या गावाहून यायचे? सुट्टीवर येताना ते कुठल्या गाडीनं, कुठून यायचे? घरी कायमचे आले तेव्हा पाऊस होता की सुगी? तारखा कुणाला आठवत नाहीत, हंगाम आठवतो.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापाशी, म्हणून इथं वेळ घालवा. अधिकारी व्हायला त्या काळी मॅट्रिक तरी लागे, आणि आपल्या भागाची मॅट्रिक तेव्हा मुंबई विद्यापीठाची होती. त्या सर्टिफिकेटावर इंग्रजीत जसं नाव होतं तसंच नौदलात जाणार. ते घरी नसेल तर हायस्कूलच्या जनरल रजिस्टरमधून उतारा मागा. त्यात जन्मतारीखही मिळेल. कॉलेज केलं असेल तर ठिकाणं मोजकीच : 1933 नंतर बेळगावचं लिंगराज, नाहीतर धारवाडचं कर्नाटक कॉलेज, सांगलीचं विलिंग्डन किंवा कोल्हापूरचं राजाराम.

तुमचं आडनाव आज गावावरून ‘कर’ लावून असेल, तर आजोबांच्या वेळी घराणं ‘पाटील’ किंवा ‘देसाई’ लावत होतं का, हे भाऊबंदांना विचारा. वतनाचं आडनाव सोडून गावाचं घेतलेली घरं खानापूर, चिकोडी, हुक्केरीकडं भरपूर आहेत. स्पेलिंगचे चार तरी प्रकार लिहून ठेवा. पवार ‘पी-ओ’नं सुरू होतो तसा ‘पी-ए’नंही. जाधवच्या शेवटी कधी ‘व्ही’ येतो, कधी ‘ओ’. भोसलेमध्ये ‘एन’ घुसून भोन्सले होतो. नावाला जोडलेला ‘राव’ कधी वेगळा सुटतो आणि आडनाव म्हणून छापला जातो. छापील याद्यांत आडनावापुढं फक्त आद्याक्षरं येतात, त्यामुळं वडिलांच्या नावाचं आद्याक्षर चुकलं की माणूस हरवला.

गावाच्या नावातही खड्डा आहे. खानापूर म्हटलं की दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या माणसाला विट्याकडचं खानापूरही सापडतं. ते तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. म्हणून ‘खानापूर, जिल्हा बेळगाव, मुंबई प्रांत’ असं पूर्ण लिहा. जुन्या नोंदीत ‘बेळगावी’ शोधू नका, ते स्पेलिंग सरकारी कागदांत 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं. ‘कर्नाटक’ही नको. जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबईतच होता. इतर वाचकांसाठी एक पुरवणी : आजोबा बेळगावच्या शहापूरचे असतील तर पत्ता ‘सांगली संस्थान’ असा असेल, रायबागचे असतील तर ‘कोल्हापूर संस्थान’.

एवढं जमल्यावर छापील पुराव्याकडं या. अधिकाऱ्याची नेमणूक, बढती आणि सुटका भारत सरकारच्या गॅझेटमध्ये छापली जात असे. पेटी ऑफिसर (खलाशांमधला वरचा हुद्दा) आणि त्याखालच्यांची येत नसे, त्यामुळं गॅझेटमध्ये नाव सापडणं हाच ते अधिकारी असल्याचा पुरावा. जुन्या गॅझेटचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. शोधताना नावावर भरवसा ठेवू नका, झिजलेल्या छपाईमुळं संगणक नाव चुकीचं वाचतो. वर्ष निवडा, संरक्षण खात्याचा भाग उघडा, नौदलाचा मथळा शोधा आणि डोळ्यांनी वाचा. नेमणुकीची तारीख आणि छापल्याची तारीख यांत काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत अंतर असतं, तेव्हा अपेक्षित तारखेपासून पुढचे निदान सहा महिने चाळा. त्याआधी ‘युनिट हिस्टरीज’ या संकेतस्थळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या 1939 ते 1945 मधल्या अधिकाऱ्यांची आडनावानुसार यादी आहे ती बघा. हौशी लोकांनी केलेली आहे, त्यामुळं तिला पुरावा मानू नका, पण हुद्द्याच्या तारखा मिळाल्या तर गॅझेट कुठून चाळायचं ते कळतं.

मग अर्ज. अधिकाऱ्यांची माहिती नौदल मुख्यालयाकडं, दिल्लीला मागायची. साधं पत्रही लिहिता येतं, पण माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून आमचा कल त्याकडं. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर भारतीय नौदल निवडा, शुल्क 10 रुपये. मजकुराला 3000 अक्षरांची मर्यादा आहे. अर्ज मराठीत करू नका : कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, आणि आपल्याकडची राजभाषा कन्नड. हिंदीत लिहिणं तुम्हाला सोपं जाईल, पण नावं आणि हुद्दे इंग्रजी स्पेलिंगसह द्या.

‘आजोबांची माहिती द्यावी’ असं लिहिलंत की ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं. कागद मागा. सुरुवातीला ओळख : नाव आणि स्पेलिंगचे प्रकार, जन्मतारीख, हुद्दा, आर.आय.एन.व्ही.आर., आणि 1944 च्या हुकुमावरचा जावक क्रमांक व तारीख. हा क्रमांक बहुधा कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. तो जसाच्या तसा, तिरक्या रेघांसकट उतरवा. फाईल शोधणाऱ्या कारकुनाला नावापेक्षा त्याचा उपयोग जास्त. मग मागणी : सेवा नोंदीची प्रमाणित प्रत, कमिशन व सुटकेच्या तारखा आणि कारण, कुठल्या जहाजांवर व ठाण्यांवर कधी होते, कुठली पदकं मंजूर झाली. शेवटी हे वाक्य विसरू नका : नोंद राष्ट्रीय अभिलेखागाराकडं गेली असेल तर कुठल्या यादीनं व कधी, आणि नष्ट केली असेल तर कुठल्या आदेशानं व कधी, ते कळवावं. या वाक्यामुळं नुसत्या ‘नाही’वर सुटता येत नाही.

‘खासगी माहिती’ म्हणून नकार आला तर कायद्याच्या कलम 8(3) वर बोट ठेवा : 20 वर्षांपेक्षा जुन्या गोष्टींना ती सबब लागू होत नाही. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करा, त्याला शुल्क नाही.

नातं सिद्ध करणारे कागद सोबत जोडा : आजोबांचा आणि बाबांचा मृत्यू दाखला, आणि नाडकचेरीतून मिळणारा वंशवृक्ष. माहिती अधिकाराला नातं दाखवायची सक्ती नाही, पण पदकाची चौकशी पुढं न्यायची असेल तर हे लागेलच. वंशवृक्ष कन्नडमध्ये निघतो. तो तसाच दिल्लीला पाठवला की बाजूला पडतो. इंग्रजी भाषांतर करून नोटरी घ्या, आणि दाखल्यावरचं आजोबांचं नाव मॅट्रिकच्या स्पेलिंगशी जुळत नसेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र त्याच वेळी करून घ्या.

दिल्लीहून काहीच आलं नाही तरी वाट बंद होत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल घरबसल्या बघता येतं, नोंदणी फुकट. तिथं माणसाचं नाव टाकून क्वचितच काही लागतं, कारण फाईलींची शीर्षकं विषयावर असतात. दलाचं पूर्ण नाव, जहाजाचं किंवा ठाण्याचं नाव आणि वर्ष टाका. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्येही या नौदलाचे कागद आहेत, पण प्रतींचे पैसे पौंडांत जातात, म्हणून तो दरवाजा शेवटी. ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या नोंदी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर मुळीच खर्च करू नका. ते दल वेगळं, आजोबांचं वेगळं.

तुमच्यासारखंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्यांना थोडं. घरच्या फोटोत बिनछज्ज्याची गोल टोपी आणि डाव्या दंडावर नांगर असेल तर माणूस खलाशी होता. एक नांगर म्हणजे लीडिंग सीमन, दोन एकमेकांवर तिरके आणि वर मुकुट म्हणजे पेटी ऑफिसर. नावात ‘ऑफिसर’ असला तरी तो कमिशनवाला अधिकारी नव्हे. स्वातंत्र्यानंतरही नोकरीत राहिलेल्या नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सला लिहायचं. टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव नसून नुसतं ‘एच.एम.आय.एस.’ असेल तर फोटो युद्धकाळातला, कारण तेव्हा नावं मुद्दाम लपवत. आणि ट्रंकेत जहाजांचे शिक्के मारलेलं छोटं पुस्तक, म्हणजे कोकणी खलाशी जिला ‘नली’ म्हणतात ती, निघाली तर गृहस्थ व्यापारी जहाजावर होते. वरचं काहीच त्यांना लागू नाही.

1944 चा तो कागद लॅमिनेट करायला नेऊ नका. आपल्याकडं जुनं काही सापडलं की आधी झेरॉक्सवाल्याकडं जाऊन प्लास्टिक चढवतात. त्या उष्णतेनं जुना कागद ठिसूळ होतो आणि पुन्हा सुटा होत नाही. दोन्ही बाजू 600 डीपीआयवर स्कॅन करा. फोटोही पाठीमागून स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. तो मुंबईचा निघतो, कराचीचा की विशाखापट्टणमचा, यावरून तेव्हा ते कुठं होते याचा अंदाज येईल.